शेवाळातला दोन मिलिमीटरचा भुंगेरा: वर्णन कसं लिहायचं?

कणकुंबीची_लेक
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, कणकुंबीजवळच्या गावची. एमएस्सी प्राणिशास्त्र करते आहे. आमच्या परड्यामागं चिऱ्यांचा गडगा आहे, पावसाळाभर त्यावर शेवाळाचा जाड थर असतो. थोडं शेवाळ पांढऱ्या ताटात झाडलं की बारके भुंगेरे पडतात. लांबी जेमतेम २ मिलिमीटर, पाठ घुमटी, रंग तपकिरी आणि त्यावर तांबूस झाक. बोट लावायचा अवकाश, टुणकन उडी मारतात. पंखकवच उचलून बघितलं तर खाली उडायचे पंखच नाहीत! पाठीवर टिंबांच्या ओळी आहेत, कडेकडे अस्पष्ट होत जातात. नेटवर जुळणारा एकही फोटो मिळाला नाही. नवी जात असू शकेल का? वर्णनाची दोन पानं लिहिली आहेत, रंग, आकार, पाय, सगळं आहे. तरी काहीतरी कमी पडतंय असं वाटतं.

अथणीचा_बागायतदार
ताई, हा उडद्या असणार बघा. आमच्याकडं छाटणीनंतर द्राक्षाचे डोळे फुगले की येतो आणि डोळेच कुरतडून टाकतो. हलवलं की टपकन खाली पडतोय.

जुना_प्राणिशास्त्रवाला
पाहुणे, उडद्या वेगळ्या उपकुळातला. तो उडतोही आणि त्याच्या मांडीत स्प्रिंग नसते. ताईंचा भुंगेरा खऱ्या पिसू-भुंगेऱ्यांतला दिसतो. बाळ, मागची मांडी फुगीर आहे ना? ती सुईने अलगद उघड. आत कायटिनची वळलेली स्प्रिंग सापडेल. उडीचं बळ तिच्यातच. तिचं चित्र काढून ठेव, प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) ठरवताना तिचा आकार उपयोगी पडतो.

शेवाळात राहणारे बिनपंखी पिसू-भुंगेरे पश्चिम घाटात याआधीही सापडलेत. पंख नसलेला जीव लांब जात नाही, त्यामुळं डोंगर बदलला की जात बदललेली असू शकते. तुझी शंका रास्त आहे. पण नेटवर फोटो नाही म्हणून जात नवी, असं ठरत नाही. एवढ्या बारक्या किड्यांचे फोटो काढतंय कोण? 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतला समरेंद्र मौलिक यांचा १९२६ चा खंड काढ, या गटाचे ओळखतक्ते त्यात आहेत. तिथून पुढचे शोधनिबंध वाचत ये. मग जवळच्या जातींचे मूळ नमुने, म्हणजे होलोटाइप, ताडून बघायचे. जुन्या नमुन्यांपैकी बरेच लंडनच्या संग्रहालयात आहेत, तिथून फोटो मागवता येतात.

आता तुझी दोन पानं. 'पाठ तपकिरी, टिंबं ओळीत' हे वर्णन शेकडो भुंगेऱ्यांना चालेल. आपला भुंगेरा शेजारच्या जातींहून कशानं वेगळा ते शब्दांत सांगावं लागतं. १९३० नंतरच्या नावांना प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत तशी अटच आहे. टिंबांच्या ओळी कडेला अस्पष्ट होतात म्हणालीस ना, तिथंच थांब. कितव्या ओळीपासून? टिंब मोठं की दोन टिंबांमधली जागा मोठी? छातीवरची ढाल लांबीच्या किती पट रुंद? मिशीच्या अकरा पेऱ्यांत दुसरं लांब की तिसरं? हे आकडे एका भुंगेऱ्याचे नकोत, बऱ्याच जणांचे घे. कमीत कमी आणि जास्तीत जास्त, दोन्ही लिही.

नर हवाच. पोट वेगळं करून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेव. मऊ झालं की जननेंद्रिय काढून ग्लिसरीनमध्ये बघ. त्यातल्या मधल्या नळीचं टोक निमुळतं की बोथट, बाजूनं बाक किती, हे नीट काढ. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या जाती इथं वेगळ्या पडतात. मादीची शुक्रकोशी, म्हणजे शुक्राणू साठवायची पिशवी, तीही काढ. आतड्यात शेवाळाचे तुकडे मिळतात का बघ, म्हणजे ते नुसतं राहतात की खातात ते कळेल. शेवाळाचाही नमुना वाळवून ठेव.

आणि एक कळकळीची विनंती. गणपतीच्या आधी आपल्याकडं गडगे, पायऱ्या खरडून स्वच्छ करतात. घरच्यांना आजच सांग, निदान मागची बाजू तशीच राहू द्या म्हणावं.

जांबोटी_रानवाट
परड्यातलं ठीक, पण आणखी नमुन्यांसाठी भीमगड अभयारण्यात शिरू नका. तिथं वनखात्याची लेखी परवानगी लागते. दुसरं, जैवविविधता कायदा २००२, कलम ३९. नवी जात मिळाली की नेमून दिलेल्या संस्थेला कळवायचं आणि नमुना तिथं जमा करायचा. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र पुण्यात आहे, तिथं विचारा.

कणकुंबीची_लेक
मनापासून आभार. मागचा गडगा कुणी खरडणार नाही, आईनं शब्द दिलाय. सर, ठिकाण म्हणून 'बेळगाव जिल्हा' लिहिलं तर चालेल का? आणि नाव गावावरून ठेवता येतं?

जुना_प्राणिशास्त्रवाला
नुसतं 'बेळगाव जिल्हा' नको गं. तळेवाडीजवळची बारापेडे गुहा माहीत असेल. १९१३ मध्ये ओल्डफिल्ड थॉमस यांनी रॉटनच्या वटवाघळाचं वर्णन तिथल्या नमुन्यावरून केलं. गुहेचं नाव नोंदलेलं होतं म्हणून आजही माणूस नेमक्या त्या जागी जाऊन बघू शकतो. तू गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख आणि 'चिऱ्याच्या गडग्यावरचं शेवाळ' एवढं सगळं लेबलवर लिही. होलोटाइप कोणता आणि तो कुठं ठेवलाय, हेही छापील वर्णनात यायला हवं, नाहीतर नाव ग्राह्य धरत नाहीत.

गावावरून नाव ठेवता येतं. रोमन लिपीत लिहून शेवटी 'एन्सिस' जोडतात, प्रजातीचं नाव नपुंसकलिंगी असेल तर 'एन्से'. पण ते सगळ्यात शेवटी. आधी नर मिळव. मोजमापं आणि नळीचं बाजूनं काढलेलं चित्र इथं टाक, जवळच्या जातींच्या वर्णनांशी मी ताडून बघतो.