मदत हवी आहे : लेकीच्या गाडीचा इन्शुरन्स (यूके)
नमस्कार मंडळी. आमची धाकटी १९ वर्षांची, परवाच ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली. घरी आल्या आल्या गाडीवरचा लाल 'एल' तिने स्वतः सोलून काढला, इतका आनंद! पण १ लिटरच्या जुन्या पोलोला वर्षाचे १,९०० पौंड सांगताहेत. हप्ते केले तर वर व्याज.

एकाने सुचवलं, मुख्य ड्रायव्हर म्हणून आईचं नाव टाका. ते करणार नाही. रोज चालवणार ती, मग ही सरळ फसवणूक झाली, उद्या क्लेमही नाकारतील. मला जादा ड्रायव्हर म्हणून जोडल्यावर थोडे कमी झाले, तेवढंच.

आता ब्लॅक बॉक्सचा (गाडी कशी, केव्हा चालवली ते नोंदवून इन्शुरन्स कंपनीला स्कोअर देणारं यंत्र) विचार आहे. पण तिची केअर होममधली शिफ्ट रात्री अकराला सुटते. उशिरा चालवल्याने स्कोअर घसरतो का? कुणाच्या मुलांनी वापरलाय? दुसऱ्या वर्षी नो क्लेममुळे किती फरक पडला, तेही कृपया सांगा.