वडिलोपार्जित नाणी: लिलाव की ऑनलाइन विक्री?

प्रश्न (मडगाव): आजोबांच्या पेटीत पोर्तुगीज अमदानीतील चांदीची काही नाणी मिळाली असून, त्यांतील १८८१ च्या रुपयावर राजा लुईश यांची मुद्रा सुस्पष्ट आहे. ती लिलावगृहाकडे सोपवावीत की ऑनलाइन विकावीत?

उत्तर (फोंडा): नाणे उत्तम अवस्थेत असेल तर लिलावगृहच बरे, कारण तेथे जाणकार पारख करतात आणि राखीव किंमत ठरवून घेतल्यास ते कवडीमोलाने जात नाही, मात्र दलाली कापली जाते आणि पैसे उशिरा मिळतात. कृपया नाणी चिंचेने घासू नका. चांदीवर काळाने चढलेली झाक एकदा गेली की परत येत नाही, आणि संग्राहक नेमकी तीच पाहतात.

उत्तर (म्हापसा): झिजलेल्या, सर्रास मिळणाऱ्या नाण्यांना ऑनलाइन विक्री पुरेशी आहे. दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे आणि अचूक वजन अवश्य द्यावे.

उत्तर (पणजी): १९७२ च्या पुरावशेष (जुन्या, जतन करण्याजोग्या वस्तू) कायद्यानुसार शंभर वर्षे जुने नाणे पुरावशेष ठरते, त्यामुळे लिस्बनच्या ग्राहकाने कितीही भाव देऊ केला, तरी ते परदेशी पाठवणे गुन्हा आहे.