दाट, फुगणारे केस चापूनचोपून कसे बसवावेत?

प्रश्न: माझे केस दाट असून धुतल्यावर चहूबाजूंनी फुगतात. हनुवटीपर्यंतचा तिरपा, धारदार कट करायचा आहे. तो सपाट कसा राहील?

उत्तर १: केस ओले असताना त्यांतील हायड्रोजन बंध (केसांचा आकार धरून ठेवणारे नाजूक दुवे) सुटतात आणि केस ज्या आकारात वाळतील त्याच आकारात पुन्हा जुळतात, म्हणून ड्रायरचे चपटे तोंड मुळांकडून टोकांकडे धरून, ब्रशने ताण देत केस पूर्ण वाळवावेत. किंचितही ओल राहिली, तर मेहनत वाया गेलीच म्हणून समजा.

उत्तर २: वरच्या थरावर थिनिंगची (केस विरळ करणारी दातेरी) कात्री मात्र चालवू देऊ नका. आखूड झालेले केस लांब केसांना खालून उचलून धरतात आणि फुगारा उलट वाढतो. त्यापेक्षा मानेवरचा आतला थर मशीनने बारीक करून घ्यावा.

उत्तर ३: स्ट्रेटनरआधी उष्णतारोधक स्प्रे, नंतर टोकांना थेंबभर सीरम, दमट हवेत एवढे तरी हवेच.