मदत हवी आहे : देवराई, राखलेले रान आणि बाभूळ यांखालच्या मातीतील कार्बन कसा मोजावा?

सप्रेम नमस्कार. संगमेश्वर तालुक्यात आमची वरकस (डोंगरउताराची, हलकी) जमीन आहे. तिच्या एका भागात पूर्वी राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) ऐन-किंजळाची झाडे दरवर्षी खोडली जात. ती तोड थांबल्यापासून तेथे रान आपोआप वाढले आहे. शेजारी ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड आणि पलीकडे ग्रामदेवतेची जुनी राई आहे. या तिन्हींखालच्या मातीत किती कार्बन साठला आहे, हे मला ताडून पाहायचे आहे.

प्रयोगशाळेत वॉकली-ब्लॅक या रासायनिक पद्धतीने सेंद्रिय कार्बनाची टक्केवारी मिळते, परंतु नुसत्या टक्केवारीवरून साठा कळत नाही. मातीची घनता प्रति घनसेंटीमीटर १.२ ग्रॅम आणि कार्बन २ टक्के धरल्यास ३० सेंटीमीटर खोलीपर्यंत हेक्टरी ७२ टन होतात. मात्र आकारमानाच्या ४० टक्के जांभ्याचे खडे असतील, तर तोच आकडा सुमारे ४३ टनांवर येतो. आमच्याकडे तर पहार मारली की आधी खडाच वाजतो! अशा जमिनीत घनता मोजण्याची नळी आत शिरत नाही, तेव्हा खड्डा खणून त्याचे आकारमान वाळूने मोजणे कितपत विश्वसनीय ठरते?

शिवाय, गुरांच्या वावराने दबलेली माती आणि राईतील भुसभुशीत माती समान खोलीऐवजी समान वजनावर तोलावी का? बाभळीखालचा न कुजलेला पाचोळा स्वतंत्र मोजावा, असे मला वाटते. प्रत्यक्ष नमुने घेतलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.