स्फोट एकदाच होत नाही

एका दादांनी लिहिलंय की स्वनातीत, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान, विमान आवाजाची भिंत 'ओलांडताना' एकदाच धडाका होतो, आणि ते काम अरबी समुद्रावर उरकलं की गोव्याला त्रास नाही. हा गैरसमज जुनाच आहे. विमान ध्वनीच्या वेगापुढे असेपर्यंत तो दणका त्याच्या मागोमाग जमिनीवरून फरफटत येतो, जसं होडीमागून लाट येते. वाटेतल्या प्रत्येक गावाला तो एकेकदा बसतो. म्हणून तर अमेरिकेने 1973 साली जमिनीवरून अशा नागरी उड्डाणांना बंदी घातली, आणि लंडन-सिंगापूर काँकॉर्ड हे स्वनातीत प्रवासी विमान 1977 मध्ये मलेशियाच्या आक्षेपामुळे तीन फेऱ्यांतच थांबलं.

28 जानेवारी 2025 ला बूम कंपनीच्या एक्सबी-1 या चाचणी विमानाने ध्वनीवेग ओलांडला तेव्हा दणका जमिनीवर पोचलाच नाही, हे खरं. उंचीवर हवा थंड, खाली उबदार, त्यामुळे लहरी वर वळतात. पण हे जमतं ध्वनीवेगाच्या थोडंसंच वर. काँकॉर्डसारखा दुप्पट वेग हवा तर समुद्रच गाठायचा.

आणि गोव्यात दाबोळी विमानतळाला लागून राहणाऱ्या आम्हा चिखलीकरांचं दुखणं मुळात वेगळंच. आमच्या डोक्यावरून जाणारं साधं विमानसुद्धा आईची मालिका बंद पाडतं! काँकॉर्ड तर उड्डाणालाच आफ्टरबर्नर (जादा जोरासाठी इंजिनाच्या मागच्या भागात आणखी इंधन जाळणारी सोय) पेटवायचं. नव्या विमानांत तो नसेल असं सांगतात. तरी धावपट्टीजवळच्यांनी दणक्यापेक्षा उड्डाणाचे डेसिबल आधी विचारावेत.