१६० पीएस मोठे की वळणातली पकड? व्हर्ना टर्बो आणि व्हर्टस जीटी

घाटवळण:
ह्युंदाईची व्हर्ना टर्बो की फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी असा विषय निघाला की लोक आधी आकडे काढतात. व्हर्नाचं १.५ लिटरचं टर्बो इंजिन १६० पीएस ताकद, २५३ एनएम टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर. व्हर्टसचं १.५ टीएसआय, म्हणजे तेही टर्बोच, १५० पीएस, २५० एनएम. झालं, व्हर्ना जिंकली! मला हे मुळीच पटत नाही. ताम्हिणी घाटात ओल्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघा. व्हर्नाची पुढची चाकं आधी जागच्या जागी फिरतात, मग गाडी निघते. व्हर्टस जवळपास तेवढीच ताकद गुपचूप रस्त्यावर उतरवते. टायरचं माप दोन्हींना एकच, २०५/५५ आर१६. म्हणजे फरक सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या जुळणीचा आहे. व्हर्ना वेगवान सेदान आहे, स्पोर्ट सेदान व्हर्टस आहे. बोला आता.

सरळरस्ता:
ताम्हिणीत वर्षातून कितीदा जाता? बाकीचे दिवस महामार्गावर ट्रक ओलांडण्यातच जातात आणि तिथे व्हर्नाच पुढे. कंपनीचा दावा ० ते १०० फक्त ८.१ सेकंदांत. शिवाय मागे डिस्क ब्रेक. तुमच्या व्हर्टसवर जीटीचा बिल्ला आणि मागे ड्रम! ह्यावर बोला की.

घाटवळण:
ब्रेक दाबला की वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या डिस्कच करतात. रोजच्या चालवण्यात ड्रमने काही अडत नाही. पण एवढे पैसे मोजल्यावर डिस्क द्यायलाच हव्या होत्या, ह्यात वाद नाही. फोक्सवॅगनचा तो निव्वळ चिक्कूपणा आहे.

व्हीटेक_काका:
तुम्ही दोघेही टर्बोच्या धक्क्याला ड्रायव्हिंग म्हणताय. दोन्ही इंजिनांचा जोर १५००-१६०० पासून ३५०० आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे), पुढे नुसती हवा. बिनटर्बोच्या होंडा सिटीचे १२१ पीएस ६६०० आरपीएमला मिळतात आणि १४५ एनएम ४३०० ला. ते मागून घ्यावे लागतात, कष्ट करून. इंजिन वर चढताना जो सूर लागतो तो टर्बोवाल्यांच्या नशिबात नाही. आणि पाय उचलला-दाबला की लगेच प्रतिसाद, मध्ये कुणी विचार करत बसत नाही.

शेंद्र्याचा_पाहुणा:
काका, टर्बोला एवढी नावं ठेवू नका. २००४ साली स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस भारतात आली तेव्हा तिच्यात १.८ टर्बोच होतं आणि ताकद १५० पीएस. लोक आजही त्या गाड्या शोधत फिरतात. तेवढेच १५० पीएस आज चाकणला बनणारी व्हर्टस १.५ लिटरमधून देते, वर निवांत चाललात तर चारपैकी दोन सिलिंडर झोपवूनही ठेवते. प्रगती म्हणतात ती हीच. नवी आरएस २६५ पीएसची आहे, पण २०२५ मध्ये जेमतेम १०० गाड्या आल्या आणि किंमत पन्नास लाखांच्या घरात. आपण फोटो बघायचे.

सरळरस्ता:
चाकणचा अभिमान असेल तर ह्युंदाईनेही तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेतलाय म्हटलं.

अर्धा_क्लच:
गाव कुठलं ते सोडा. हिंजवडीच्या गर्दीत रोज तासभर रांगणाऱ्याने डीएसजी, म्हणजे व्हर्टसचा दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, घेऊ नये. कोरडा क्लच, तेलाचा गारवा नाही. मुंगीच्या पावलाने चालवलं की सतत अर्धवट लागून तापत राहतो. आणि ‘मग व्हर्ना घ्या’ म्हणणाऱ्यांनो, तिचा तसलाच गिअरबॉक्स, डीसीटी, तोसुद्धा कोरड्या क्लचचाच आहे. दोन्ही गाड्या ह्याच इंजिनांसह ६ गिअरच्या मॅन्युअलमध्ये मिळतात, तीच घ्या. गाडीशी बोलायचं असेल तर मधे दुभाषा कशाला?

मागच्या_सीटवरून:
मागे बसणाऱ्यांना कुणी विचारणार आहे का? व्हर्नाचं छत मागे उतरत जातं, आमच्याकडच्या उंच माणसांचं डोकं टेकतं. व्हर्टसमध्ये तो त्रास कमी, पण मधे तिसरा माणूस बसवायचा म्हणजे दोन्हीकडे शिक्षाच. आणि घाटवळण, तुमच्यासारखा ‘पकड’ शोधणारा चालवायला असला की वरंध घाटात गाडी कुठलीही असो, आम्हाला पिशवी लागतेच.

तिसरा_गिअर:
मूळ मुद्द्यावर येतो. मी व्हर्ना टर्बो मॅन्युअल चालवतो. चाकं फिरतात हे खरं, पण टर्बो गाडीला ओल्या वळणात दुसरा गिअर हवाय कशाला? १५०० आरपीएमलाच पूर्ण टॉर्क हजर असतो. तिसरा टाका, पाय हळू दाबा, चाक जागचं सुटत नाही. तुम्ही जुन्या सवयीने चालवताय आणि दोष गाडीला देताय.

घाटवळण:
बरं, तिसरा टाकला. चाकं फिरायची थांबली. पण पुढची चाकं काय करताहेत हे हाताला कळायचं, ते कुठल्या गिअरमध्ये?

तिसरा_गिअर:
त्यासाठी डीसीटीवाल्या व्हर्नात स्पोर्ट मोड आहे ना.

घाटवळण:
त्याने स्टिअरिंग जड होतं हो. बोलकं नाही होत.