गिझर ५० वर की ७० वर? घरात रोज सकाळी नॉबवरून भांडण

वैतागलेली_आई :
पुण्यात राहतो, जानेवारीत टाकीचं पाणी हातात धरवत नाही इतकं गार. घरी १५ लिटरचा गिझर, खाली गोल नॉब. गेल्या आठवड्यात आमचं साडेतीन वर्षांचं कार्टं बादलीपाशी खेळत होतं आणि गरम-गार मिक्सर नळाची दांडी त्याने लाल बाजूला ढकलली, पाणी थेट मनगटावर. सासरे बर्फ आणायला पळाले, सासूबाई टूथपेस्ट घेऊन हजर, मी कुणाचंच न ऐकता हात साध्या नळाखाली २० मिनिटं धरून ठेवला, तो रडतोय मी पण रडतेय. एक फोड आला, त्यावर निभावलं. त्याच दुपारी स्टुलावर चढून नॉब ७० वरून ५० वर आणला. तेव्हापासून रोज सकाळी तो परत ७० वर असतो! सासऱ्यांना कोमट पाण्याने अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, नवरा म्हणतो ५० वर ठेवलं तर शेवटच्याला गार पाणी. कोण चुकतंय सांगा. मी चुकत असेन तरी सांगा पण कारण द्या.

घंगाळ_तांब्या :
ताई, राग मानू नका पण नॉबला कशाला दोष. आमच्याकडे तांब्याचा बंब होता, त्याला कुठला आलाय थर्मोस्टॅट, लाकडं सरकवली की पाणी उकळायलाच लागायचं. घंगाळात आधी गार घ्यायचं, मग कढत, हात घालून बघायचं. यालाच विसण म्हणायचे, हल्लीच्या पोरांना शब्दही माहीत नाही. सात भावंडं वाढलो, कुणी भाजलं नाही. सवय लावा.

वॉर्डातली_ताई :
काका, विसण म्हणजे कढत पाण्यात घालायचं गार पाणी. म्हणजे कढत आधी आलं ना? तुमच्याच शब्दात गडबड आहे 😀 आणि नेमकी तिथेच पोरं भाजतात, कढत पाण्याची बादली विसणाची वाट बघत ठेवलेली असते, आई टॉवेल आणायला गेलेली, पोर मागे मागे सरकत बादलीत बसतं. मी नर्स आहे, सांगोवांगीचं सांगत नाहीये. ६० डिग्रीचं पाणी मोठ्या माणसाला साधारण ५ सेकंदांत खोलवर भाजतं, ५० चं पाणी तेवढंच भाजायला काही मिनिटं घेतं. लहान मुलांची कातडी पातळ, त्यांना याहून कमी वेळ पुरतो. ७० वर तर हात मागे घ्यायलाही सवड नाही. आणि घरात जुना डायबेटिस असलेलं कुणी असेल तर त्यांच्या पायांना चटका कळतच नाही, ते पाय बादलीत ठेवून निवांत बसतात. सवय चांगलीच, पण साडेतीन वर्षांच्या पोराला कसली सवय लावणार? वै_आई, ५० वरच ठेवा. टूथपेस्ट लावू दिली नाहीत त्याबद्दल शाबास.

मेलबर्नचा_मास्तर :
मी दोघांच्याही विरोधात. गिझरच्या टाकीत ५० ठेवणं ही अर्धी चूक आहे. लेजिओनेला नावाचे जंतू साधारण २० ते ४५ डिग्रीच्या पाण्यात वाढतात, ५० ला वाढ थांबते पण ते पटकन मरत नाहीत, ६० ला काही मिनिटांत खलास. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन होतं, तिथे न्यूमोनियाची साथ आली, त्यावरून तर हे नाव पडलं. म्हणून इकडे ऑस्ट्रेलियात नियम असा की टाकीत किमान ६०, आणि बाथरूमच्या नळाला जास्तीत जास्त ५०. मधे टेम्परिंग व्हॉल्व्ह बसवतात, तो गार पाणी आपोआप मिसळतो. तुमचं भांडणच चुकीच्या जागी चाललंय, टाकीचा आकडा वेगळा, नळाचा आकडा वेगळा.

वॉर्डातली_ताई :
मास्तर, तुमच्याकडे मोठमोठ्या टाक्या. यांचा गिझर १५ लिटरचा, रोज सकाळी दोनदा रिकामा होतो, पाणी साठून राहतंय कुठे? शिवाय ते जंतू शॉवरच्या बारीक तुषारांतून श्वासात जातात, बादली-मगवाल्यांना तो धोका फारच कमी. आठवडाभर गावाला जाऊन आलात तर एकदा चढवून पाणी सोडून द्या, तेव्हा बाथरूममध्ये कुणी थांबू नका. रोजच्या चटक्याची भीती मला मोठी वाटते.

नळ_वायर_सगळं :
सगळे आकड्यावर भांडताय आणि नॉबवरचा आकडा खरा धरून चाललाय, मला हसू येतंय. १८ वर्षं गिझर उघडतोय, बऱ्याच नॉबवर आकडेच नसतात, नुसता लाल पट्टा असतो, आणि जुन्या थर्मोस्टॅटवर ५० लिहिलंय म्हणून नळाला ५० येईल याची खात्री कुणी देऊ नये. बोअरचं जड पाणी असेल तर कॉइलवर क्षार बसतो, जितकं जास्त तापवाल तितका लवकर बसतो, मग मला बोलावता. किचन थर्मामीटर घ्या, मग भर गरम नळाखाली धरून मोजा. आणि ते ३ लिटरचे इन्स्टंट असतात त्यातल्या बऱ्याच जणांना नॉबच नसतो, तिथे हा वादच मिटला. सोलरवाल्यांनी तर उन्हाळ्यात दुपारी जपून, ७०-८० चं येतं.

हिशेबी_सून :
शेवटच्याला गार पाणी हा मुद्दा खरा आहे हो, नवऱ्याला उगाच झोडू नका. गार पाणी २० डिग्री धरा, अंघोळीला ४० लागतं. टाकीत ६० असेल तर १५ लिटरचं ३० लिटर होतं, ५० असेल तर साडेबावीस. म्हणजे दीड बादलीच्या जागी एकच बादली आणि वर थोडं. पण उपाय तापमान नाही, दोन अंघोळींमधे पंधरा मिनिटं थांबणं.

घंगाळ_तांब्या :
सकाळी सातला पंधरा मिनिटं कोण थांबतो? आणि विसणाचं मान्य, चूक झाली. पण माझी आजी गार आधीच घ्यायची, मग त्याला काय म्हणायचे ते तुम्हीच सांगा.

वैतागलेली_आई :
थर्मामीटर आणला. नॉब ५० वर, नळाला ५८! म्हणजे मी ५० समजून बसले होते. ४५ च्या खुणेवर आणल्यावर ५१ आलं. मोजायचं काम मुद्दाम सासऱ्यांनाच दिलं, चष्मा लावून त्यांनी तीनदा बघितलं आणि एकदम म्हणाले, मग सत्तरवर किती असेल गं? मी म्हटलं बघूया. बघितलं नाही त्यांनी. मिक्सरच्या दांडीला नवऱ्याने दोरी बांधलीये, ती मात्र आजच सुटलीये. थर्मोस्टॅटिक मिक्सर, ३८ ला अडणारा, कुणी बसवलाय का? आमच्याकडे गच्चीची टाकी एकच मजला वर, प्रेशर कमी, चालेल का तो?

नळ_वायर_सगळं :
गरम-गार दोन्हीचं प्रेशर सारखं आणि पुरेसं लागतं त्याला. आधी एक मिनिटात बादली किती भरते ते मोजून सांगा, मग बोलू.